उघडी राहिलेली फाइल

१

सोमवारी सकाळी शगुफ्तानं कम्प्युटरवरचं भरतकामाचं कापड काढलं, स्क्रीन लागेना म्हणून भिंतीवरचं बटण दाबलं, आणि समोर जे उजळलं ते पाहून तिचा हात कापडासकट तसाच राहिला.

स्क्रीनच्या मधोमध एक राखाडी चौकट होती. आतल्या इंग्रजी मजकुराचा अर्थ लावायला तिला वेळ लागला नाही. ही फाइल काढून टाकता येत नाही. दुसरी व्यक्ती किंवा दुसरा प्रोग्राम ती वापरत आहे.

खोलीत तिच्याशिवाय कोणीही नव्हतं.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या आरमोरीतल्या त्या तपासणी केंद्रात कम्प्युटर एकच. आसपासच्या गावांतल्या हजारो माणसांच्या रक्ततपासणीचे निकाल त्याच्या पोटात होते. कोण निरोगी, कोण वाहक, कोण आजारी, कोणत्या लेकराला कोणतं औषध चालू आहे, सगळं. कम्प्युटर आला तसं रजिस्टर लिहिणं बंद झालं होतं, आणि निकाल सीडीवर उतरवून ठेवायचं काम पुढच्या आठवड्यावर ढकलत ढकलत राहूनच गेलं होतं. आज चंद्रपूरहून एक बाई येणार होत्या. त्या सगळे निकाल नव्या प्रोग्राममध्ये उतरवणार होत्या आणि मग जुना प्रोग्राम काढून टाकणार होत्या.

पण त्यांच्याआधीच कोणीतरी जुना प्रोग्राम काढायला घेतला होता, आणि तो अर्ध्यातच अडकला होता.

"इंदुताई!" शगुफ्ता दारातूनच ओरडली. "लवकर या जी इकडं! आपलं सगळं गेलं वाटते!"

२

दिव्यानी गडचिरोलीला गाडी बदलून केंद्रात पोचली तेव्हा आतल्या खोलीत तिघं उभी होती आणि तिघंही एकमेकांकडे न बघता स्क्रीनकडे बघत होती.

दिव्यानी भौतिकशास्त्र शिकलेली. चंद्रपूरच्या एका छोट्या कंपनीसाठी ती प्रोग्राम बसवत गावोगाव फिरे. प्रयोगशाळेतली एक सवय तिनं सोडली नव्हती. आधी नीट पाहायचं, हात नंतर लावायचा.

"कोणी काही दाबलं का?" तिनं विचारलं.

"कोणाची हिंमत आहे?" केंद्र सांभाळणाऱ्या इंदुताई म्हणाल्या. नर्स म्हणून उभी हयात गेलेल्या या बाईचा आवाज एरवी खणखणीत असे. आज तो खाली आला होता. "सगळं गेलं का हो, मॅडम?"

"आत्ताच नाही सांगता येणार. हे खातं कोणाचं आहे?"

"माझंच," इंदुताई म्हणाल्या. "पण म्या नाई केलं. काल रविवार, मी दिवसभर वैरागडला होतो, माहेरी."

दिव्यानीनं चौकटीला हात न लावता फक्त सुरुवातीचं पान पुढे आणलं. तिथं तिघांची नावं होती, प्रत्येकाच्या शेजारी एक छोटं चित्र. निकेशच्या नावाशी फुटबॉल, खाली काही नाही. इंदुताईंच्या नावाशी फूल, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं की एक प्रोग्राम सुरू आहे. शगुफ्ताच्या नावाशी बदक. त्याच्याही खाली तेच.

"म्हणजे ते दुसरी व्यक्ती म्हणत होतं," निकेश हळूच म्हणाला, "ते हिचं नाव."

निकेश केंद्राचा लॅब टेक्निशियन. त्यानं ते वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं, पण शगुफ्ताचा चेहरा उतरला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. केंद्राचे अध्यक्ष होते. इंदुताई फोनवर बोलून परत आल्या.

"संध्याकाळी येऊन राह्यले. म्हणाले, तोवर कोणी केलं ते नाव सांगा. नाई तं..." त्या शगुफ्ताकडे वळल्या. "नाई तं तुले उद्यापासून येऊ देऊ नका म्हणते."

"मले काऊन?"

"शनिवारी तूच शेवटी होती. अन् तुह्याच नावाखाली सुरू आहे ते. नव्या प्रोग्रामवर नागपूरचा पोरगा बसवतील म्हणून तू रुसली होती, हे बी त्यांच्या कानावर गेलं."

शगुफ्तानं कापडाची घडी मोडली, पुन्हा घातली. मग दिव्यानीकडे बघून म्हणाली, "मॅडम, आमच्या मोहल्ल्यात कम्प्युटरवर बसणारी मी पहिली पोरगी. अम्मीनं सगळ्यांशी भांडून पाठवलं मले. इथून असं नाव घेऊन घरी गेली, तर माझ्या मागं रूही आहे, माझी लहान बहीण, तिलेही कोणी बाहेर पडू देणार नाई."

३

दिव्यानीनं तिला पडवीत घेतलं.

"शनिवारी काय झालं, पहिल्यापासून सांग."

"सुकरीचं नाव भरत होती मी. सुकरी म्हणजे धानोऱ्याकडची पोरगी, सहा वर्षांची, तिचा निकाल आला होता. अर्धं भरलं अन् ताई आल्या, मले एक कागद छापू दे म्हणे. मग मी माझं खातं तसंच ठेवलं अन् त्यांचं उघडून दिलं. त्यांनी छापलं, त्यांचं खातं बंद केलं अन् गेल्या."

"आणि तू पुन्हा तुझ्या खात्यात गेलीच नाहीस?"

"बस लागली होती, मॅडम. स्क्रीनचं बटण बंद केलं, कापड टाकलं अन् पळाली. सोमवारी उरलेलं भरतो म्हटलं. आम्ही नेहमी असंच करतो. कम्प्युटरचा डब्बा चालूच असते."

"वीज जात नाही?"

"जाते ना! पण उन्हाळ्यापासून डब्बा इन्व्हर्टरवर आहे. लाइन गेली तं स्क्रीन जाते फक्त. आतलं काम जात नाई."

दिव्यानीनं मान डोलावली. म्हणजे शनिवारपासून शगुफ्ताचा प्रोग्राम कापडाखाली उघडाच होता. पुढं कोणीतरी इंदुताईंच्या खात्यातून तोच प्रोग्राम काढायला घेतला. एकेक फाइल पुसली गेली, पण निकालांची जी फाइल शगुफ्तानं उघडी ठेवली होती तिथं येऊन कम्प्युटर अडला. उघडी फाइल पुसता येत नाही.

म्हणजे सगळे शिव्या घालत होते ती चौकट खरं तर पहारेकरी होती.

दिव्यानी उठली. "चल, तुझं खातं उघड."

आतल्या खोलीत आता दुसरं कोणी नव्हतं. शगुफ्तानं पासवर्ड टाकला. जुना प्रोग्राम होता तसा समोर उभा राहिला. सुकरीचं नाव, गावाचं नाव, आणि वयाच्या रकान्यात लुकलुकणारी छोटी उभी रेघ. शनिवारपासून ती तिथंच वाट बघत होती.

"आहे!" शगुफ्ताच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच निघालं. "सगळं आहे, मॅडम!"

"हळू. आधी हे पूर्ण कर आणि साठव. मग आपण सगळे निकाल सीडीवर उतरवू. तोवर कोणाला काही सांगायचं नाही."

"काऊन?"

"ज्यानं हे केलं त्याला वाटतंय की आपण निकाल शोधतोय. आपण आता त्याला शोधणार आहोत."

४

निकेशला कम्प्युटरचं काहीच पडलेलं नव्हतं. थोड्या वेळानं तो आतल्या खोलीत फ्रीजसमोर उकिडवा बसून फरशी पुसत होता.

"तुमच्या तं नुसत्या फाइलीच गेल्या, मॅडम, माझं पाहा. बर्फ सारा वितळला. चाचणीचं द्रावण कोमट झालं. शिबिरातले नमुने फेकावे लागणार. पुन्हा त्या लोकायच्या बोटाले सुई टोचायची, मंग शिव्या मीच खायच्या."

"कधीपासून बंद होता?"

"लोडशेडिंग असेल जी. पण एवढं? काल दुपारी शिबिरातले नमुने ठेवाले मी स्वतः आलो होतो. तवा थंडगार होता. अन् आज सकाळी येऊन पाहतो तं तळ्यात कमळ फुलायचं बाकी होतं."

दिव्यानीनं भिंतीवरच्या बोर्डाकडे पाहिलं. तीन बटणं, एकावरही काही लिहिलेलं नाही. तिनं वायरींवरून नजर फिरवली. एक वायर पंख्याला, एक दिव्याला. तिसऱ्या बटणाखालून निघालेली वायर टेबलामागं गेली होती आणि तिथं तिला दोन फाटे फुटले होते. एक स्क्रीनला, दुसरा फ्रीजला.

"हे असं कोणी केलं?"

"कय्यूमभाई वायरमननं. उन्हाळ्यात फ्रीजचं बटण जळलं, तं त्यानं फ्रीज याच्यावर घेतला. अगोदर हे नुसतं कम्प्युटरचं होतं. इन्व्हर्टर छोटा, त्याच्यावर फक्त डब्बा ठेवला. तेव्हापासून ह्या बटणाले कोणीच हात लावत नाई."

"मग त्यावर तसं लिहून का नाही ठेवलं?"

निकेशनं तिच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "सगळ्यायले मालूमच आहे ना. लिहाचं कायले?"

दिव्यानी तशीच उभी राहिली. सकाळी स्क्रीन लागेना म्हणून हेच बटण दाबल्याचं शगुफ्तानं तिला सांगितलं होतं. बटण बंद होतं. म्हणजे फ्रीज आणि ती चौकट या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. एकाच बोटानं दोन्ही केलं होतं.

"निकेश, केंद्राच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"एक माझ्याजवळ, एक ताईजवळ, एक गुरुजीजवळ. शगुफ्ताजवळ नाई." त्याचा पोछा थांबला. "मॅडम, तुमी माझ्यावर तं..."

"तुला स्वतःचा फ्रीज बंद करायचा असता तर तू आत्ता फरशी पुसत बसला नसतास," ती म्हणाली.

५

गुरुजी म्हणजे गुणवंतराव. केंद्राचे सचिव, निवृत्त मास्तर. हे केंद्र त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलेलं. लग्नाआधी रक्त तपासा, हे सांगत त्यांनी सायकलवरून गावंच्या गावं पालथी घातली होती. होळीनंतर मणक्याच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला लेकाकडे गेले ते पोळ्यालाच परतले. अजून पाठीला पट्टा होता. आतल्या खोलीची पायरी उंच, म्हणून बैठकी बाहेरच्याच खोलीत होत.

दुपारी ते काठी टेकत आले. पत्नी कमळाबाईंनी दिलेला चिवड्याचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला आणि सरळ शगुफ्ताच्या बाजूनं बोलू लागले.

"इंदू, पोरीवर आळ घेऊ नका. मशिनीत बिघाड होतो. जुनं काढून नवं बसवताना असं व्हायचंच. गेलं ते गेलं, नव्यानं तपासण्या करू."

"पण गुरुजी, नवं बसवायच्या आधीच झालं ना हे," इंदुताई म्हणाल्या.

"तेच म्हणतो मी. कोणाचं नाव घेऊ नका."

चहाला सगळे पडवीत निघाले. गुणवंतराव सर्वांत मागं होते. दारातून बाहेर पडता पडता त्यांचा हात आपसूक मागं गेला आणि बाहेरच्या खोलीचा पंखा आणि दिवा बंद झाले.

"मास्तरकी गेली नाई अजून," इंदुताई हसल्या. "हे केंद्र उघडलं तवापासून एकच धडा. उठताना भिंतीवरचं बटण बंद. शगुफ्ताले तं किती बोलले असतील!"

"चांगली सवय आहे," दिव्यानी म्हणाली. तिच्या हातातल्या कपावर साय धरली तरी तिनं चहाला तोंड लावलं नाही.

इंदुताईंच्या पासवर्डचं तिनं आधीच पाहिलं होतं. तो विसरला तर आठवावा म्हणून इशारा लिहायची सोय असते, आणि तो इशारा कोणालाही वाचता येतो. इंदुताईंनी लिहिलं होतं, माझं माहेर. आरमोरीत कोणाला ते ठाऊक नव्हतं?

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. का?

६

तिनं तिघांना आतल्या खोलीत बोलावलं. शगुफ्ता कम्प्युटरजवळ उभी होती.

"मला एवढंच दाखवा, काम संपल्यावर तुम्ही हा कम्प्युटर कसा बंद करता. भ्यायचं काही नाही, आता काही बिघडणार नाही."

इंदुताईंनी आपलं खातं कसं बंद करतात ते बोटानं स्क्रीनवर दाखवलं आणि मग स्क्रीनचं बटणही दाखवलं. निकेश म्हणाला, "मी पण तसंच. बाकी कायलेच हात लावत नाई."

"गुरुजी, तुम्ही?"

गुणवंतराव पायरी चढून आले होते, म्हणून जरा दम खात होते. "मी जुन्या पद्धतीचा. मूळच बंद करायचं." त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि तिसरं बटण दाबलं.

स्क्रीन काळी झाली. त्याबरोबर फ्रीजची घरघर थांबली.

"अरे अरे, गुरुजी!" निकेश पुढं धावला आणि मग मध्येच थबकला. त्या शांततेत सगळ्यांना टेबलाखालून एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. कम्प्युटरचा पंखा फिरत होता. तो बंद झालेलाच नव्हता.

गुणवंतरावांनी टेबलाखाली पाहिलं. मग त्यांची नजर फ्रीजवर गेली, फरशीवरच्या ओल्या डागावर गेली, आणि बटणावर परत आली.

"या बटणावर फ्रीज आहे हे इंदुताई, निकेश आणि शगुफ्ता या तिघांनाही ठाऊक आहे," दिव्यानी सावकाश म्हणाली. "तिघांपैकी कोणी ते दाबलं नसतं. हे कम्प्युटरचं बटण आहे, असं एकाच माणसाला वाटू शकत होतं. ज्याला उन्हाळ्यापूर्वीची खोली पाठ आहे आणि उन्हाळ्यानंतरची नाही. काल दुपारनंतर तो माणूस स्वतःच्या किल्लीनं आत आला. चौकट आली तेव्हा त्यानं बटण बंद केलं, कापड नीट घातलं आणि गेला. त्याला वाटलं, मशीन बंद झाली."

निकेशनं बटण पुन्हा चालू केलं. फ्रीज खाकरून सुरू झाला.

"गुरुजी?" इंदुताई त्यांच्याकडे वळल्या. "तुमी? हे केंद्र तं तुमचं लेकरू!"

"लेकरासाठीच केलं," गुणवंतराव खुर्चीत बसले. "माझ्या पोरीसाठी, ज्योत्स्नासाठी. कॉलेजच्या शिबिरात तपासणी झाली होती तिची. वाहक निघाली. निकाल मीच ठेवून घेतला, तिले सांगितलंच नाई. आता चामोर्शीचं स्थळ आलं. चांगली माणसं, शेतीवाडी, शिकलेला पोरगा. त्यायनं निकाल मागितला. मागणारच. त्यांच्या गावात मागाले मीच शिकवलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "नव्या मशिनीत गेलं की एक प्रत जिल्ह्याले जाणार. मंग कोणालेच लपवता येणार नाई."

"तिचा एकटीचा निकाल पुसायचा होता," निकेश म्हणाला. "सगळ्यायचा काऊन?"

"एकट्याचा पुसता येत नाई," उत्तर शगुफ्तानं दिलं. तिचा आवाज शांत होता. "एकदा भरलेला निकाल कोणाले पुसता येऊ नये, असा प्रोग्राम गुरुजींनीच करून घेतला होता."

गुणवंतरावांनी मान हलवली. "ती चौकट आली. दुसरी व्यक्ती वापरून राह्यली म्हणे. म्या मागं वळून पाहिलं. खरंच वाटलं कोणीतरी उभं आहे."

"आणि शगुफ्तावर आलं तेव्हा?" दिव्यानीनं विचारलं.

गुणवंतराव हातातल्या चष्म्याची काच पुसत राहिले.

७

"एक विचारू, गुरुजी?" दिव्यानी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. "मुलाची तपासणी झाली आहे?"

"त्याची? मी कोणत्या तोंडानं विचारू?"

"हे तुम्ही मला विचारता? तो वाहक नसेल तर त्यांचं एकही मूल या रोगानं आजारी होणार नाही. असेल तर दर खेपेला चारात एकाची भीती. हे तुम्ही गावागावात फळ्यावर काढून दाखवलंत. स्वतःच्या घरी अर्धंच गणित केलंत."

गुणवंतराव काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले. मग शगुफ्ताकडे वळले.

"पोरी, निकाल खरंच आहेत?"

"आहेत, गुरुजी. सीडीवर पण उतरवले. मी बंद करायचं विसरली म्हणून राहिले."

"तिचा काढून दे मले."

शगुफ्ता जागची हलली नाही. "निकाल ज्याचा त्याच्याच हाती देतो आम्ही. बापाच्याही नाई. नियम तुमचाच आहे, जी."

गुणवंतरावांच्या चेहऱ्यावर, त्या दिवसात पहिल्यांदाच, मास्तरांना आवडत्या विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिल्यावर येतो तसा काहीसा भाव आला.

"उद्या पाठवतो तिले. तिचं तिले कळू दे, मंग त्या पोराले आणाचं का ते तीच ठरवेल."

अध्यक्ष आले तेव्हा गुणवंतरावांनी स्वतःच सांगितलं, उभं राहून, कोणालाही मध्ये बोलू न देता. अध्यक्षांनी शगुफ्ताची माफी मागितली, आणि नव्या प्रोग्रामवर शगुफ्ताच बसणार हे इंदुताईंनी त्यांच्या तोंडून सर्वांसमोर वदवून घेतलं. गुणवंतरावांनी सचिवपद सोडलं. आपल्याजवळची किल्ली त्यांनी चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवली.

नव्या प्रोग्राममध्ये सगळे निकाल उतरले आहेत, हे दिव्यानीनं दोनदा तपासलं. मग शगुफ्तानं आपल्या खात्यातला जुना प्रोग्राम बंद केला. बदकाखालची बारीक ओळ नाहीशी झाली. दिव्यानीनं ती राखाडी चौकट पुढं आणली आणि पुन्हा करून पाहा या शब्दांवर क्लिक केलं. आता कोणीच ती फाइल धरून नव्हतं. उरलेल्या फाइली काही क्षणांत गेल्या आणि चौकट मिटली.

सगळे निघाले. इंदुताईंनी चपला शोधल्या, निकेशनं फ्रीजचं दार एकदा ओढून पाहिलं. गुणवंतराव सर्वांत मागं होते. दारातून बाहेर पडता पडता त्यांचा हात आपसूक बोर्डाकडे गेला आणि तिसऱ्या बटणाजवळ हवेत थांबला.

"राहू द्या, गुरुजी," शगुफ्ता कापडाची घडी उलगडत म्हणाली. "ते आम्ही चालूच ठेवतो."